खाली सही करणार

मी, खाली सही करणार, लिली फिलिप श्टाम्फवेंडर,
वय एकोणसाठ, धंदा काही नाही,
राहणार दांडिया बाजार, वडोदरा,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते
की हे आडनाव खरं आहे.

शाळेत हजेरी घेताना बाई शहाणे, शिर्के सरसर उरकत
आणि माझ्यापाशी येऊन चष्मा पुसत.
मग म्हणत, "लिली... आणि पुढे जे असेल ते."
आठवीपर्यंत मी पुढे जे असेल ते होते.

आजोबा आले मिलचा बॉयलर बसवायला,
दोन वर्षांच्या करारावर, ट्रंकेत सात जोड लोकरी मोजे.
टायफॉइडनं मिशनच्या दवाखान्यात पडले.
नगरच्या एस्तेर रणभिसे नावाच्या नर्सनं
भाताची पेज पाजली.
करार संपला, पेज काही संपेना.
लढाई लागली तेव्हा सरकारनं त्यांना नेऊन
तारेच्या कुंपणात ठेवलं.
लोक आजीला म्हणाले, नाव तरी बदल.
ती म्हणाली, उखळात डोकं घातलंय,
आता मुसळाला भिऊन चालेल का?

न्यायमंदिर घरापासून पाच मिनिटांवर.
बाबांनी दारावर पाटी लावली.
पेंटरला जागा पुरेना,
त्यानं नाव तोडून दोन ओळींत बसवलं,
एक अक्षर स्वतःच्या अकलेनं सुधारलं.
दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला माणूस:
"काका, वीसनो स्टॅम्प आपो ने."
बाबा सहा महिने सगळ्यांना समजावत राहिले.
सातव्या महिन्यात परवाना काढून आणला.

लोकांचं आधी काम असतं, त्यावरून नाव पडतं.
आमच्याकडे नाव आधी आलं
आणि काम पत्ता विचारत मागाहून.

बत्तीस वर्षं कोर्टासमोर कडुनिंबाखाली टेबल,
अंगठ्याला जांभळी शाई, वाऱ्यासाठी एक दगड.
उखळ काही पांढरं झालं नाही,
पण रूथचं लग्न झालं आणि माझं नाही झालं,
दोन्ही खर्च निघाले.

गेल्या वर्षी तिरोलमधून पत्र आलं.
एक निवृत्त पोस्टमास्तर, आडनावं जमवतात.
लिहिलं होतं: श्टाम्फ म्हणजे कांडप,
ओढ्याच्या पाण्यावर चालणारं, लाकडी मुसळांचं.
वेंडर म्हणजे परतणारा.
मुसळ वर गेलं की खाली येईतो
उखळातलं धान्य हातानं परतायचं,
बोटं सांभाळून.
किंवा मग, लिहितात, कांडपाशी ओढा जिथे वळतो
त्या वळणावर राहणारा.
देऊळ जळालं, वह्या जळाल्या, नक्की सांगता येत नाही.
आमच्याकडे सतरा उरलेत, ब्राझीलमध्ये एक.
हिंदुस्थानात किती?
पुढे रेघ, भरण्यासाठी.

मी पत्र दोनदा वाचून दाखवलं.
बाबा उखळापाशी थांबले, हसले, ठसका लागला.
"आईला कुणी सांगितलं असेल?"
मग म्हणाले, "दोन लिही."
लिहिलं. टाकायचं राहिलं.

मार्चमध्ये बाबा गेले.
महापालिकेच्या दाखल्यावर नाव फिलिप,
आडनावाची जागा कोरी,
धंदा: स्टॅम्प वेंडर.
क्लार्क म्हणाला, "बेन, लिहिलंय की सगळं."
दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र लागतं,
प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतो,
आणि स्टॅम्प आता यंत्रातून निघतो,
कोर्टही उठून लांब गेलं.

बाबांच्या खणात दहाचा एक कागद सापडला.
कोरा. मागे त्यांची सही, तारीख नाही.
चालत नाही म्हणाले.

म्हणून त्याच्यावरच हे लिहिते आहे,
पोस्टमास्तरसाहेब, तुम्हाला.
फिलिप श्टाम्फवेंडर आणि स्टॅम्प वेंडर
ही एकाच माणसाची नावं.
तुमच्या रेघेवर मी दोन हा आकडा
तसाच ठेवला आहे, खाडाखोड केली नाही.

तेवढं एक सोडून
वर लिहिलेलं सगळं खरं आहे.